भाऊजी, डब्यात किती होते?

भाऊजी, काल ताईला घेऊन तुमच्या बँकेत जाऊन आले. शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये आम्ही बसलो, मी पिशवीतून कागद काढले, आणि कामाचं एक वाक्य बोलायच्या आत समोर चहा आला. बशीत बिस्किटंसुद्धा. तिथेच मला संशय आला. बँकवाला माणूस न मागता चहा केव्हा पाजतो, ते मी तुमच्याकडूनच शिकले आहे.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय. तुमच्या शोकसभेत जो उठला त्याने 'विश्वास' हा शब्द वापरला. "त्यांच्याकडे बघून आम्ही पैसे ठेवले." "अर्ध्या पेठेचा त्यांच्यावर विश्वास." खुर्च्या, सतरंज्या, फोटोचा हार, माइक, सगळी व्यवस्था माझ्याकडे होती, त्यामुळे रडायला सवड नव्हती, ऐकायला होती. मागे उभी राहून मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, एका माणसावर एवढा विश्वास बरा नव्हे. तुम्ही समोर असतात तर तोंडावर म्हटलं असतं. आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "इन्स्पेक्टर आल्या. चला, हिशोब काढा."

ताईच्या लग्नात रुखवताची यादी हातात धरून मी एकेक वस्तू टेम्पोत चढवून घेत होते, आणि एक लामणदिवा कमी भरला म्हणून मी टेम्पो सोडेना, तेव्हापासून मी तुमची इन्स्पेक्टर. दिवा नवरदेवाच्या मांडीवर सापडला होता. तुम्ही तो गंमत म्हणून लपवला होतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून आपलं नातं हेच: तुम्ही काहीतरी झाकणार आणि मी मोजणार.

धायरीचा फ्लॅट घेतला तेव्हाची गोष्ट आठवते. कर्ज मंजूर झालं, बिल्डरच्या खात्यात रक्कम गेली, आणि मी पेढे घेऊन सदाशिव पेठेत तुमच्याकडे आले. कर्ज तुमच्या बँकेचं नव्हतं. "नातेवाइकांच्या कागदाला मी हात लावत नाही," असं तुम्ही आधीच सांगून टाकलं होतंत. पण त्या दुसऱ्या बँकेच्या करारातलं प्रत्येक पान तुम्ही पेन्सिल घेऊन वाचलंत, आणि दोन कलमं त्यांना बदलायला लावलीत. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

पेढा देताना मी सहज म्हटलं, "कुणाकुणाच्या ठेवी असतील हो यात. कुणा आजोबांची आयुष्याची पुंजी, आणि त्यावर माझं स्वयंपाकघर."

"कुणाच्याच नाहीत," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे?"

"तू सही करेपर्यंत ते पैसे नव्हतेच. तू सही केलीस. बँकेने एका बाजूला लिहिलं, हिच्याकडून येणं. दुसऱ्या बाजूला लिहिलं, हिच्या नावे जमा. झाले पैसे."

"कशातून झाले?"

"लिहिण्यातून."

"आणि मी वीस वर्षं हप्ते भरायचे, ते?"

"ते खरे भरायचे."

ताई आतून हसली. मला हसू आलं नाही. मी एका रुग्णालयाच्या स्टोअरचं काम बघते. कापसाचं बंडल आत आल्याशिवाय माझ्याकडून बाहेर जात नाही, आणि गेलं की तेवढं कमी होतं. ऑफिसातली भिशीही मीच चालवते. भिशीत जेवढे टाकले तेवढेच निघतात. फार तर ते कुणाला आधी मिळतात, कुणाला नंतर. जगाचा नियम हा असा आहे, असं मी धरून चालले होते. आणि माझ्याच घरातला एक शहाणा, धुतलेल्या सदऱ्याचा माणूस मला सांगत होता की बँकेला हा नियम लागू नाही.

त्या रात्री मला झोप लागली, पण पुढच्या रविवारी मी पुन्हा आले. तुम्ही मला शांत करायचं म्हणून दुसरी पद्धत काढलीत.

"समज, तू हजार रुपये ठेवलेस. त्यातले शंभर मी बाजूला ठेवले आणि नऊशे जोश्यांना कर्जाऊ दिले. जोश्यांनी कपाट केलं. सुताराने ते नऊशे त्याच्या बँकेत ठेवले. आता तुझ्या पासबुकात किती?"

"हजार."

"सुताराच्या?"

"नऊशे."

"नोटा किती आहेत?"

"हजाराच्याच."

"आणि दोघांची पासबुकं मिळून एकोणीसशे. पुढे सुताराची बँक त्या नऊशेतले थोडे ठेवून बाकीचे आणखी कुणाला देणार. असं जात जात ते वाढतं. आता मला सांग, इन्स्पेक्टर, यात चोरी कुठे झाली?"

मी प्रत्येक पायरी पुन्हा तपासली. चोरी सापडेना. म्हटलं, "सापडत नाही, म्हणजे चांगली लपवली आहे."

शिवाय मला दुसरीच गोष्ट खटकली. आधीच्या रविवारी तुम्ही म्हणालात, कर्ज लिहिलं की पैसा होतो. या रविवारी म्हणालात, आधी ठेव, मग त्यातून कर्ज. मी विचारलं, "यातलं खरं कोणतं?"

"शिकवायला हे. टेबलावर ते."

"एकाच गोष्टीच्या दोन जबान्या देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही."

"नको ठेवूस. पण प्रश्न तरी नीट विचार."

मग मी नीट विचारला. नुसतं लिहून पैसे होत असतील, तर बँकेला आमच्या ठेवी लागतात कशाला? लिहीत बसा की. या प्रश्नावर तुम्ही एवढे खूश झालात, की ताईला पुन्हा चहा टाकायला लावलात. म्हणालात, बिल्डरचं खातं दुसऱ्या बँकेत असतं. त्याला रक्कम दिली की ती बँक आमच्याकडे मागायला येते. तिथे आमचं लिहिणं चालत नाही, खरे द्यावे लागतात. शिवाय ठेवींचा ठरलेला भाग वरच्या बँकेकडे, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे, ठेवावाच लागतो. आणि कुणी कर्ज बुडवलं तर तो खड्डा आमच्या स्वतःच्या भांडवलातून भरायचा. तेव्हा कुंपणं आहेत, मोकाट लिहिता येत नाही.

"आणि सगळे एकाच दिवशी आपापले पैसे मागायला आले तर?"

"तर नसतात."

"तुमच्या बँकेत?"

"कुठल्याही बँकेत."

हे तुम्ही, उद्या दूध येणार नाही, असं सांगावं तसं सांगितलंत. तेव्हा मी ठरवलं होतं, या माणसाला गल्ल्यापासून लांब ठेवायचं. आणि तरीही बऱ्याच वर्षांनंतरच्या एका गणपतीत आमच्या सोसायटीच्या आनंदमेळ्याला कुपनांच्या टेबलावर मी तुम्हालाच बसवलं. प्रामाणिक माणूस हवा होता. निवृत्त बँक अधिकारी म्हटल्यावर कमिटीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमचा आनंदमेळा पार्किंगमध्ये असतो. तिथे मोबाइलला रेंज नसते, म्हणून कुपनं. टेबलावर पैसे द्यायचे, सोसायटीचा शिक्का मारलेली दहा-दहाची कुपनं घ्यायची, स्टॉलवर ती देऊन खायचं. शेवटी स्टॉलवाल्यांनी जमलेली कुपनं टेबलावर आणून पैसे न्यायचे. जितकी कुपनं बाहेर, तितके पैसे डब्यात. यात कसलाही घोळ होऊ शकत नाही, असा माझा आराखडा होता.

सुरुवातीला मेळा पडेल होता. तेल तापलेलं, बायका झारे घेऊन उभ्या, आणि लोक हात मागे बांधून "आधी बघू" म्हणत फिरतायत. स्टॉलवाल्यांच्याही हातात पैसे नव्हते, सगळे सामानात गेलेले. तासाभराने मी आतल्या बाजूला चक्कर मारली तर पार्किंग गजबजलेलं. भेळवाली वडे खातेय, वडेवाली पाणीपुरी खातेय, पाणीपुरीवाल्यांची मुलं गोळा मागतायत. गर्दी दिसली म्हणून वरच्या मजल्यांवरची माणसंही पाकिटं घेऊन उतरली. मला बरं वाटलं. मग मी टेबलाशी आले आणि तुमच्या हाताखाली शिक्क्याचं पॅड पाहिलं. वॉचमनच्या केबिनमधून सोसायटीचा शिक्का मागवून तुम्ही कोरे कागद कापून नवी कुपनं करत होतात.

"भाऊजी, ही कशाची कुपनं?"

"वड्यांची."

"यांचे पैसे कुठे आहेत?"

"स्टॉलवाल्यांना उधार दिलीत. विक्री झाली की कुपनंच परत करतील."

"पण पैसे कुठे आहेत?"

"वंदना, वडे तळतायत ना तिकडे?"

मी विचारलं, "डब्यात किती आहेत?" माझा आवाज बारीक नाही, ते तुम्हाला माहीत होतं. शेजारी दहीवड्याच्या पाटणकर वहिनी उभ्या होत्या.

तुम्ही पुढे कायम म्हणत आलात की माझ्या त्या प्रश्नाने डबा फोडला. मी कायम म्हणत आले की डबा आधीच फुटका होता, मी फक्त हात लावला. हे भांडण मी आजही सोडत नाही. ज्याच्याकडे आपले पैसे आहेत त्याला ते किती आहेत हे विचारायचं नाही, असा नियम ज्या धंद्यात आहे, त्या धंद्यावर संशय घेतलाच पाहिजे.

पाटणकर वहिनी तडक स्टॉलवर गेल्या आणि कुपनांची पिशवी घेऊन आल्या. "माझे आत्ताच द्या हो. नंतर गर्दी होईल." त्यांचं बघून भेळवाली आली. मग सगळ्याच आल्या. कढया तशाच गॅसवर, आणि टेबलासमोर रांग.

तेव्हा मी तुमचं खरं काम पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही उठला नाहीत, आवाज चढवला नाहीत. पाटणकर वहिनींना म्हणालात, "या, तुमचंच आधी." त्यांची कुपनं मोजलीत, आणि सगळ्यांना दिसतील असे त्यांचे पूर्ण पैसे हातात ठेवलेत, कोऱ्या नोटांत. मग मात्र तुमचे हात एकदम म्हातारे झाले. प्रत्येक नोट अंगठ्याने सरळ करायची. दुमडलेला कोपरा उलगडायचा. सगळ्या नोटांची तोंडं एका बाजूला करायची. भेळवालीच्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करायची. आणि मध्येच तुम्ही चहाच्या स्टॉलकडे हाक मारलीत, "रांगेत सगळ्यांना एकेक द्या रे, माझ्या नावावर."

"पैसे देताय की चहा पाजताय?" कुणीतरी ओरडलं.

"दोन्ही. चहा आधी, तो गार होतो."

लोक हसले. पाटणकर वहिनी पदराला पैसे बांधून म्हणाल्या, "अहो, मिळतायत की. उगाच काय," आणि दहीवडे विकायला परत गेल्या. रांग निम्मी झाली. ज्यांनी उधार घेतली होती त्या मधल्या वेळात कुपनं परत करून गेल्या, ती तुम्ही तिथल्या तिथे फाडलीत. गोळ्याचं यंत्र लावलेलं एक तरुण जोडपं होतं, बी विंगमधलं. त्यांचं यंत्र अर्ध्यात अडकलं, विक्री झालीच नाही, आणि उधारीची कुपनं तर पोटात गेलेली. ती दोघं खाली मान घालून कधी घरी गेली, कळलंही नाही.

म्हणजे तेवढे पैसे कमी पडायला हवे होते. शेवटी मी डबा ताब्यात घेतला. सगळ्यांचे सगळे दिले गेले होते, सोसायटीचा वाटा शिल्लक होता. जुळलं. जुळायला नको होतं, आणि जुळलं.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही शिक्क्याला लागलेली शाई पुसत होतात.

"खिशातून घातलेत?"

"जुळलं तरी तक्रार?"

"जुळलं म्हणूनच."

"इन्स्पेक्टर, गल्ला जुळला की दिवे मालवायचे आणि घरी जायचं. ही बँकेची रीत आहे."

त्यानंतर हा प्रश्न मी तुम्हाला किती वेळा विचारला असेल. दिवाळीत, भाऊबीजेला, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे तुम्ही तोंड उघडून बसला होतात तेव्हा. तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत. आणि मला उत्तर हवं होतं, कारण सगळं त्यावर अवलंबून होतं. डब्यात कमी आहेत हे माहीत असताना तुम्ही तसे हसत होतात का? असाल, तर तुमच्या हसण्यावरून पुढे कधीच काही ठरवता येणार नव्हतं.

माझं कर्ज फिटलं तेव्हा मी पुन्हा पेढे आणले. तुम्ही पेढा हातात घेऊन उभे राहिलात, दोन मिनिटं शांतता पाळतात तसे. म्हणालात, "फेडलेलं मुद्दल पुसलं जातं. जसं लिहिलं तसं खोडलं. तेवढा पैसा आता जगात नाही." मी म्हटलं, "माझी वीस वर्षं गेली आणि तुम्ही पैशाला श्रद्धांजली वाहताय?" तुम्ही म्हणालात, "पैसा जातो. स्वयंपाकघर राहतं ना? तेवढ्यासाठीच तो असतो." त्या वेळी मला ते बँकवाल्याचं गोड बोलणं वाटलं होतं. आता तुमच्या रिकाम्या खुर्चीजवळून जाताना ते वाक्य कानात येतं, आणि मी त्याच्यावर संशय घ्यायचा प्रयत्न करते, पण जमत नाही.

मग यंदाच्या उन्हाळ्यात पेठेत कुजबुज सुरू झाली. कुठल्याशा दुसऱ्या गावच्या सहकारी बँकेवर निर्बंध आले, खातेदारांना पैसे काढता येईनात, बाहेर म्हातारी माणसं पिशव्या धरून बसलेली लोकांनी टीव्हीवर पाहिली. त्याचा तुमच्या बँकेशी काही संबंध नव्हता. पण सहकारी म्हटलं की लोक एका माळेत ओवतात. माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती: तुमच्या निवृत्तीची रक्कम, आणि ताईने शाळेत पस्तीस वर्षं घालवून मिळवलेली ग्रॅच्युइटी, सगळी त्या एका बँकेत. ठेवींवर विमा आहे, पण तो पाच लाखांपर्यंत. त्यावरचं सगळं तुमच्या शब्दावर. ताईला पेन्शन तुटपुंजी, मूलबाळ नाही, गुडघ्याचं ऑपरेशन पुढे उभं. ते पैसे अडकले तर तिचं म्हातारपण अडकलं.

मी तुमच्याकडे आले. आपलं शेवटचं भांडण तेच.

"भाऊजी, विम्याच्या वरचे काढून दुसऱ्या बँकेत ठेवा."

"माझ्या बँकेला काही होणार नाही."

"किती टक्के खात्री?"

"टक्के व्याजाला असतात."

"मला सरळ उत्तर द्या. तुम्हाला माहीत आहे, की तुम्ही नोटा सरळ करताय?"

तुम्ही हसलात. तेच, टेबलावरचं. तेवढ्यात ताईने पानं वाढल्याची हाक दिली, आळूचं फतफतं गार होत होतं, आणि तुम्ही म्हणालात, "जेवून बोलू." जेवल्यावर तुम्हाला डुलकी लागली, मला शेवटची बस गाठायची होती. त्यानंतर रुग्णालय, आणि तिथे हा विषय काढण्याइतकी मी निर्दय नाही. जेवून बोलायचं राहिलं ते राहिलंच.

म्हणून काल मी पूर्ण तयारीने गेले होते. शाखाधिकाऱ्यांना काय विचारायचं, ताई डगमगली तर तिला काय सांगायचं, सगळं क्रमाने. आणि समोर आला चहा.

"साहेबांनी मला शिकवलं," शाखाधिकारी म्हणाले. तुमच्याच हाताखालचे, आता केस पिकलेले. "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा." आणि ताईच्या ठेवींच्या पावत्या घेऊन त्यांनी टेबलावर आपटून त्यांच्या कडा जुळवल्या. एकदा, मग पुन्हा एकदा. मी तोंड उघडणार, तोच ताईने कप खाली ठेवला.

"विम्यात बसतील तेवढे इथे राहू देत," ती म्हणाली. "मुदत संपलेल्या बाकीच्या सगळ्या दुसऱ्या बँकेतल्या माझ्या खात्यात पाठवा. आज."

आवाज असा, की पाचवीच्या वर्गाला वह्या काढा म्हणतेय. शाखाधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग हळूच म्हणाले, "साहेब म्हणाले होते, वहिनी येतील म्हणून." आणि सही करून कागद पुढे पाठवला. थोड्या वेळाने ताईचा फोन वाजला, जमा झाल्याचा निरोप. भाऊजी, त्या सगळ्या वेळात त्या इमारतीतून एक नोट हलली नाही. इथे खोडलं, तिथे लिहिलं. तुमचं म्हणणं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि मला ते अजूनही पसंत नाही.

बाहेर पडल्यावर मी ताईला धरलं. "साहेब म्हणाले होते, म्हणजे?"

"हो. मलाही सांगून ठेवलं होतं त्यांनी. मी असेपर्यंत सगळं इथे. मी गेलो की विम्याच्या वरचं हलव."

"ते असेपर्यंत का नाही?"

ताई उत्तर देणार, एवढ्यात कोपऱ्यावरचे स्टेशनरीवाले दुकानातून वाकून म्हणाले, "काय वहिनी, बँकेतून? पैसे काढले की काय?"

हसत विचारलं, पण त्यांचे डोळे ताईच्या पिशवीवर होते. शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा थांबून बघायला लागलं.

"छे हो," ताई म्हणाली. "चहा प्यायला गेलो होतो. चांगला करतात."

दहा पावलं पुढे गेल्यावर ती मला म्हणाली, "म्हणून. त्यांनी काढले असते तर हे सगळे दुसऱ्या दिवशी रांगेत उभे असते. मी बायको. बाई माणूस नवऱ्यामागे पैशाची आवराआवर करते, त्यात कुणाला काही वाटत नाही."

मी रस्त्यातच थांबले. म्हणजे तुम्हाला खात्री नव्हती. पेठेने रांग लावू नये म्हणून तुम्ही नोटा सरळ करत बसलात, आणि डब्यात ठेवलेत कुणाचे, तर माझ्या बहिणीचे. तिचं म्हातारपण तुम्ही लोकांच्या विश्वासाला टेकू म्हणून लावलंत. भाऊजी, तुम्ही समोर असतात तर काल मी तुम्हाला सोडलं नसतं. एवढी माणसं तुमच्याकडे बघून निवांत झोपली, त्यांची गल्लीतली बँक शाबूत राहिली, हे मला कळतं. त्याबद्दल तुमच्या फोटोला हार घालणारे बरोबर आहेत. पण हे ताईला न विचारता केलं असेल, तर माझा हार परत घ्यायला मी तयार होते.

"तुला विचारलं होतं त्यांनी?"

"विचारलं. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर काढले असते."

"आणि तू हो का म्हटलंस?"

"आनंदमेळ्यातही म्हटलं होतंच की."

मला काही समजेना. ताई माझ्याकडे बघून हसायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, भाऊजी, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

"तुला काय वाटलं, खिशातून घातले? यांच्या खिशात कधी रुमालाशिवाय काही असायचं का? तू त्या पाटणकरबाईंशी वाद घालत होतीस, तेव्हा चहावाल्याला हाक मारायच्या निमित्ताने वळले आणि मला म्हणाले, शैला, पर्समध्ये काय आहे? गोळ्याचे बुडणार. मी पर्सच दिली."

"परत दिले?"

"पर्स दिली."

एवढी वर्षं मी चुकीच्या माणसाला विचारत होते. तुमच्या त्या शांत हाताच्या मागे, त्या हसण्याच्या मागे, टेबलाच्या बाजूला खुर्ची टाकून बसलेली ताई होती. तुम्ही वरची बँक म्हणायचात, अडल्या वेळी हात देणारी, ती बहुधा पर्स घेऊन तिथेच बसली होती, आणि माझ्या यादीत तिच्या नावापुढे मी फक्त 'पाहुणे' एवढंच लिहिलं होतं.

डब्यात कमी होते, हे तुम्हाला माहीत होतं. ही माझी बाजू सिद्ध झाली. पण कुठे आहेत तेही तुम्हाला माहीत होतं, आणि विचारल्याशिवाय तुम्ही हात घातला नाहीत. ही तुमची. भांडण मिटलं असं मी म्हणत नाही.

घरी आल्यावर ताईने तुमच्या खुर्चीवरची चादर बदलली. मग म्हणाली, "यंदा तुमच्या आनंदमेळ्यात कुपनांवर कोण बसणार?"

"अजून ठरलं नाही."

"मी बसते. पण उधार देणार हं."

"किती छापशील?"

"वडे किती तळतायत ते बघून."

मी पिशवीतून यादी काढली आणि लिहिलं: कुपनं, ताई. त्याच्या खाली लिहिलं: डबा मी मोजणार, मोठ्याने नाही.